हा बरा, की हा?

जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव देऊन मराठी भाषेने एकाच शब्दात निदानही करून टाकले आणि औषधही सांगितले. बाकीचे लोक आधी डॉक्टरकडे जातात, मग त्यांना काय झाले ते कळते. आपल्याकडे वय मोजले की काम भागते. चाळिसावे ओलांडले की पोथी हळूहळू लांब सरकू लागते, सुईचे नेढे हुलकावणी देऊ लागते, आणि औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर हा केवळ लहान मुलांच्या वाचनासाठी छापलेला असावा असा संशय येऊ लागतो. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, जवळचे पाहताना त्याने जेवढे फुगायला हवे तेवढे ते फुगत नाही, एवढीच त्यातली मेख. हा रोग नव्हे, हा हिशेब आहे. वाचकहो, हा अंक आपण डोळ्यांपासून किती लांब धरला आहे ते वाचता वाचता जरा पाहा. हात कोपरात सरळ होण्याच्या बेतात असेल तर पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे. नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणासाठी तरी तो आहेच.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना माणसे जी तयारी करतात ती पाहण्यासारखी असते. पोट दुखत असले तर माणूस कण्हत जातो, दात दुखत असला तर गालावर हात धरून जातो. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो परीक्षेला बसल्यासारखा जातो. तोंड धुऊन, भांग पाडून, रात्री लवकर निजून. दारातून आत डोकावून समोरचा तक्ता पाहून घेणारे लोक मी पाहिले आहेत. आत बसलेला मनुष्य मोठ्याने अक्षरे वाचत असतो, आणि बाहेर बाकावरचा त्याच्यामागून ती ओठातल्या ओठात घोकत असतो. आम्ही मास्तर लोक याला कॉपी म्हणतो. फरक इतकाच की वर्गात कॉपी करून पास होणाऱ्याला निदान पदवी तरी मिळते; इथे पास होणाऱ्याला चुकीचा चष्मा मिळतो.

तो अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी 1862 साली उट्रेख्ट येथे प्रसिद्ध केला. वरचे एकटे, भले मोठे अक्षर चांगल्या नजरेच्या माणसाला 60 मीटरवरून वाचता यावे असे बेतलेले असते, आणि खालची बारीक ओळ 6 मीटरवरून. तुम्ही बसता 6 मीटरवर. तेथून तुम्हाला फक्त वरचेच अक्षर दिसले तर तुमची नजर सहा-साठांश, म्हणजे कागदावर 6/60. खालची ओळ वाचता आली तर 6/6. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत 6 मीटर लांबीची खोली कुठून असणार? म्हणून पुष्कळ ठिकाणी तक्ता तुमच्या डोक्यामागे उलटा लावलेला असतो आणि समोर आरसा असतो. 3 मीटर जाऊन, 3 मीटर परत येऊन नजर आपले अंतर पुरे करते. निरक्षरांसाठी इंग्रजी ‘ई’ची चार दिशांना तोंडे केलेली असतात, तिचे दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचे. माझ्या मते साऱ्या परीक्षापद्धतींत ही सर्वांत न्यायाची आहे; तिथे पाठांतराला काही वाव नाही.

आता, 6/6 म्हणजे शंभरपैकी शंभर अशी आपली समजूत असते. तसे ते नाही. हा तक्ता फक्त तुमच्या नजरेचा मधला बिंदू तपासतो. जिथे आपण रोखून पाहतो तेवढाच. कडेचे किती दिसते याविषयी तो काही बोलत नाही. एखाद्या माणसाचे चारी बाजूंचे दिसणे हळूहळू विझत गेले असले तरी मधल्या उरलेल्या खिडकीतून तो खालची ओळ घडाघडा वाचू शकतो आणि पेढे वाटत घरी जाऊ शकतो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग ती चौकट नाकावर बसवतात, तिच्यात एकामागून एक काचा घालतात, आणि तो सुप्रसिद्ध प्रश्न येतो : “हा बरा, की हा?” त्याला भलेभले घाबरतात. आपण चुकीचे उत्तर दिले तर जन्मभर चुकीचा चष्मा घालावा लागेल, अशी एक भीती असते. वास्तविक या प्रश्नाला चुकीचे उत्तरच नाही. दोन्ही सारखे वाटत असतील तर “दोन्ही सारखे” असे सरळ सांगावे. डॉक्टर कित्येकदा त्याच उत्तराची वाट पाहत असतो, कारण तिथे त्याचा शोध संपतो. भिडेखातर “हा बरा” म्हणणे मात्र वाईट. आपल्याकडे भिडेखातर जेवण वाढून घेतात, लग्ने ठरवतात, दिवाळी अंकाला लेखही देतात. पण चष्मा भिडेखातर घेऊ नये.

तेव्हा खरी तयारी कोणती? ती पिशवीत भरायची आहे. सध्याचा चष्मा तर न्यावाच, पण जुने, काडी मोडलेले, रबराने बांधलेले चष्मेही न्यावेत. नंबर कसा वाढत गेला हा इतिहास त्यांच्याजवळ असतो. मागचे केसपेपर न्यावेत. मधुमेह असेल तर साखरेचे अलीकडचे कागद न्यावेत, कारण साखर पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांची नासाडी करते आणि ती चालू असताना कित्येक दिवस नजरेला काही कळत नाही. आणि औषधे – सगळी न्यावीत. इथे लोक हटकून म्हणतात, “डोळ्यांचं औषध मी कुठलंच घेत नाही हो.” डोळ्यांचे कुणी विचारले आहे? दम्याचा फवारा, सांध्यांच्या गोळ्या, त्वचेचे मलम, यांत स्टेरॉइड असले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळे खाजतात म्हणून केमिस्टकडून आपल्याच बुद्धीने आणलेले थेंब तर आधी पिशवीत टाकावेत. त्यांतही ते असू शकते, आणि पोरांच्या डोळ्यांत महिनोन्‌महिने घातलेल्या अशा थेंबांनी कायमची हानी झाल्याची उदाहरणे आहेत. वयस्कर पुरुष लघवीसाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी घेतात. तिचा आणि डोळ्यांचा काय संबंध असे कुणालाही वाटेल. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ती गोळी बाहुलीला ऐनवेळी आकसायला लावते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधी ठाऊक असेल तर तो सावध राहतो. ही गोष्ट लाजेखातर सांगायची राहते. नेहमीच्या गोळ्या त्या दिवशी आपल्या मनाने बंद करू नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

काजळ, सुरमा त्या दिवशी नको. डोळ्यात बसवायच्या भिंगांची सवय असलेल्यांनी ती किती दिवस आधी काढायची ते फोन करूनच विचारावे. उन्हाचा चष्मा किंवा रुंद काठाची टोपी बरोबर असावी, आणि हाताशी सोबत असावी. कारण तिथे एक थेंब घालतात, त्याने बाहुली रुंदावते आणि आतला पडदा पाहता येतो. मग चार-सहा तास, कधी त्याहून अधिक, जवळचे वाचता येत नाही आणि उजेड डोळ्यांत घुसतो. अशा स्थितीत स्कूटरवर बसून घरी येणे म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची तयारी.

बाहुलीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यात समोरच्या माणसाचे इवलेसे रूप दिसते, म्हणून मराठीने त्याला बाहुली म्हटले. संस्कृतात तो शब्द कनीनिका, म्हणजे लहानशी मुलगी. आणि लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे, ज्यातून इंग्रजी शब्द निघाला, त्याचाही अर्थ लहानगी, बाहुली असाच होतो. एकमेकांच्या डोळ्यांत डोकावून पाहण्याची आणि तिथे आपलीच बाहुली सापडण्याची गंमत माणसांना सगळीकडे वाटलेली दिसते.

पण डॉक्टरांसमोर बसले की हेच शब्दसमृद्ध मराठी लोक एकदम मुके होतात. “काय होतंय?” “दिसत नाही नीट.” संपले! वास्तविक ‘नीट’ या शब्दाच्या पोटात दहा निरनिराळ्या गोष्टी असतात. अंधुक दिसते की दुहेरी दिसते? एका डोळ्याला की दोन्हींना? (एक डोळा झाकून घरीच पाहून जावे.) रेघ वाकडी दिसते का? पणतीभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात का? चिलटे उडाल्यासारखे दिसते का, आणि ती चिलटे जुनीच ओळखीची आहेत की परवा एकदम थवा आला? तिन्हीसांजेला जास्त अडते की भर उन्हात? यातल्या एकेका वाक्याने डॉक्टरांची अर्धी वाट वाचते. ती वाक्ये आदल्या रात्री कागदावर मांडून न्यावीत. मी तसा कागद केला, आणि त्यातल्या शेवटच्या ओळीपाशी अडलो. ती ओळ होती, ‘घरात कुणाला डोळ्यांचा विकार?’

मला निमित्त साधेच होते. उत्तरपत्रिका वाचताना हात आखूड पडू लागला होता. वेळ मिळाली ती पितृपंधरवड्यातली. माझी साताऱ्याची आत्या गौरी-गणपतीसाठी पुण्याला आली होती ती अजून आमच्याकडेच होती. वय 75, प्रकृती खणखणीत. दवाखान्यातून सोबत आणायला सांगितले होते, आणि घरात ज्याला त्याला कामे. आत्या म्हणाली, “मी येते की. रिक्षात बसून राहायला काय शिकावं लागतं?”

आदल्या रात्री ती गवार निवडत बसली होती आणि मी कागद लिहीत होतो. शेवटच्या ओळीपुढे मी ‘आजोबा – मोतीबिंदू’ असे लिहिले आणि सहज मोठ्याने वाचले. आमच्या घराण्यात हे सर्वांना पाठ आहे : आजोबांचे डोळे मोतीबिंदूने गेले. आत्याचा हात थांबला.

“मोतीबिंदू कसला?” ती म्हणाली. “बाहुल्या शेवटपर्यंत काळ्याभोर होत्या त्यांच्या. मोती पडला की पांढरं दिसतं. सासूबाईंचा मी पाहिलाय की.”

मग ती सांगत गेली. आजोबा कऱ्हाडजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतरही वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. पण दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. ओट्याच्या कडेला ठेवलेला तांब्या पायाने लवंडायचा. ताटात डाव्या हाताला वाढलेली कोशिंबीर तशीच राहायची. आजीला वाटायचे, नावडती झाली असेल, म्हणून तिने ती करणेच सोडले. 1984 साली तालुक्याच्या गावी नेत्रशिबिर भरले. आत्या त्यांना एस. टी.ने घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरीने पुष्कळ वेळ पाहिले, आणि मोती नाही, मागची नस सुकली आहे, कापून उपयोग नाही, असे सांगून परत पाठवले. येताना एस. टी.त आजोबा एक शब्द बोलले नाहीत. गावात उतरल्यावर पारावरच्या मंडळींनी विचारले तेव्हा म्हणाले, “मोतीबिंदू आहे. पिकला नाही अजून. पिकला की काढतील.”

त्या काळी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागे, हे खरे होते. आता तशी लागत नाही. कामात अडथळा यायला लागला की काढता येतो, आणि भिंगही आत बसवतात. ती युक्ती हॅरल्ड रिडले या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1949 साली प्रथम केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण गेले तरी डोळा ते निमूट सहन करतो, हे त्यांच्या नजरेस आले होते. परंतु आमच्या आजोबांच्या वेळी ‘पिकला नाही अजून’ हे उत्तर कोणालाही पटण्यासारखे होते. मोतीबिंदू या शब्दात आशा आहे. आज दिसत नाही, उद्या दिसेल. त्या शब्दाच्या आडोशाला ते आणखी सात वर्षे बसून राहिले, 1991 साली गेले, आणि घराण्याच्या वाट्याला तो शब्द तेवढा आला.

त्यांना झाला होता तो काचबिंदू असावा. दोन्ही शब्दांच्या शेवटी बिंदू असल्यामुळे लोक त्यांना सख्खे भाऊ समजतात. आयुर्वेदात तिमिर, काच आणि लिंगनाश अशा पायऱ्या सांगितल्या आहेत, तिथली ‘काच’ वेगळी. आज मराठीत ज्याला काचबिंदू म्हणतो तो नसेचा आजार आहे. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होते आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून जाते. मोरीची जाळी तुंबली की पाणी जसे साचते, तसा आत दाब वाढतो. पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरपर्यंत तो साधारण समजतात. दाबाखाली मागची नस तंतू-तंतूने मरत जाते. काही माणसांत दाब साधारण असूनही ती मरते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, लाली नाही, पाणी नाही. आधी कडेचे दिसणे जाते, म्हणून चौकट लागते आणि कोशिंबीर राहते. मधले शेवटी जाते, म्हणून वर्तमानपत्र वाचता येते. आणि गेलेले परत येत नाही. मोतीबिंदूवाल्याला उशीर झाला तरी बहुधा भागते. काचबिंदूवाल्याचे तसे नाही. हा आजार घराण्यात उतरतो. आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला असेल तर आपल्याला असण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो. म्हणून डॉक्टर तो शेवटचा प्रश्न विचारतात. त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘मोतीबिंदू’ असे उत्तर देत राहिलो तर डॉक्टर बिचारे मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

गवारीच्या शेंगा निवडून झाल्यावर आत्या थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, “शिबिराच्या आधी महिनाभर मी रोज रात्री त्यांच्या डोळ्यांत मध घालत होते. कुणीतरी सांगितलं होतं. आग व्हायची, पण हूं की चूं केलं नाही त्यांनी. तुझ्या बापालासुद्धा हे सांगितलेलं नाही मी.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझा कागद वाचला. चाळिशीच्याच आसपासच्या असतील. काळ्याभोर बाहुल्या, चौकट, तांब्या, डावीकडची कोशिंबीर, सगळे वाचून त्यांनी पेन खाली ठेवले. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी बाहेर बसलेल्या आत्याकडे बोट केले. त्यांनी तिला आत बोलावले.

“आजी, तुमचे डोळे कधी तपासलेत?”

“गेल्याच वर्षी की. नवा चष्मा केला.”

“दुकानात?”

“हो. चांगला माणूस आहे. फुकट तपासतो.”

“त्यांनी नंबर तपासला. डोळा तपासला नाही.”

मला वाटते, दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात हे सर्वांत मोलाचे वाक्य होते. चष्म्याच्या दुकानातला मनुष्य त्याचे काम चोख करतो. पण डोळ्यातला दाब आणि मागची नस पाहणे हे त्याचे काम नव्हे. आपण मात्र चष्मा मिळाला की डोळे तपासून झाले असे धरून चालतो.

माझे काम लवकर आटोपले. हनुवटी टेकवून, निळ्या उजेडात दाब मोजला. 16 आणि 17. थेंब घातले, नस पाहिली, तिचा एक फोटो पुढच्या वेळी ताडून पाहण्यासाठी ठेवून घेतला, आणि जवळचा सव्वा नंबर लिहून दिला. आत्याचा दाब उजव्या डोळ्यात 29 निघाला, डाव्यात 24. मग तिला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवले. समोरच्या ठिपक्यावरची नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातली कळ दाबायची. एका वेळी एक डोळा. डावा डोळा झाला. उजव्याच्या वेळी आत्या मधेच थांबली आणि म्हणाली, “बाई, यंत्र बंद पडलं वाटतं तुमचं.”

यंत्र चालू होते.

छापून आलेल्या कागदावर उजव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा पट्टा होता. आत्याने तो निरखून पाहिला. बाहुली रुंदावण्याचे थेंब तिला त्या दिवशी घातले नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हाला भाच्याला घरी न्यायचंय ना.” रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले. गेले ते परत येणार नाही, आहे ते राखायचे, आणि थेंब एकही रात्र चुकवायचे नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितले. आत्या उठली. दाराशी गेली आणि तिथूनच, मागे न वळता, तिने मधाचे विचारले.

“मध कुणाच्या डोळ्यांत घालू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आग होते, जंतूही जातात. पण मागची नस त्यानं सुकत नाही, आजी. ते आधीच, कितीतरी वर्षं, चाललं होतं. मधाशी त्याचा संबंध नाही.”

आत्याने पदर सारखा केला आणि फी किती झाली ते विचारले. बाहेर ऊन होते. मला काही धड दिसत नव्हते; तिने माझ्या दंडाला धरून मला रिक्षापर्यंत नेले आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून नेहमीच्या जोमाने हुज्जत घातली.

थेंब घालणे ही देखील एक कला आहे, आणि ती डॉक्टरांकडून तिथेच शिकून घ्यावी. विचारायची लाज बाळगू नये. हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून तिची झोळी करायची, त्या झोळीत एकच थेंब. बाटलीचे टोक कुठे टेकवायचे नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन निरनिराळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. आत्या ती दोन मिनिटे रामरक्षेच्या ओळींवर मोजते. दिनदर्शिकेवर रोज फुली करते. पुढच्या खेपेला जाताना थेंबांची बाटलीही पिशवीत ठेवावी, आणि त्या दिवशीचा थेंब डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर चुकवू नये.

काही प्रसंग मात्र असे असतात की तिथे तयारी, पिशवी, कागद, सगळे सोडून उठावे. एकाएकी चिलटांचा थवा, डोळ्याच्या कडेला विजा, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे. डोळा लाल होऊन कपाळासकट असह्य दुखणे आणि वांती. एकदम दिसेनासे होणे. यांत आठवड्यानंतरची वेळ घेऊन उपयोग नाही, त्याच दिवशी जावे. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या हातात फुटून चुना डोळ्यात उडाला तर जाण्यापूर्वी, तिथल्या तिथे, नळाखाली डोळा पुष्कळ वेळ धुवावा. इथे पाणी हेच पहिले औषध. आणि दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगतो : फटाक्याने डोळ्याला इजा झाली तर चोळू नये, दाबू नये, आत रुतलेले काही ओढून काढू नये. वर स्वच्छ, टणक असे काही आडोशाला धरून, डोळ्याला न टेकवता, तसेच दवाखाना गाठावा.

राहता राहिले आमचे घराणे. वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली, तेव्हा त्यांचा दाब आणि नस पाहिली गेली होती. कागद काढून पाहिला, ठीक आहे. आत्याचा मुलगा बंगळुरात असतो. त्याला तिने फोनवर सगळी हकीकत सांगितली, आणि तो पुढच्या आठवड्यात जाऊन आला. उरले काका. वय 68, गावीच असतात, शेत पाहतात. त्यांचे म्हणणे असे की, “मला डोंगरावरचं देऊळ दिसतं, मला काय धाड भरली आहे?” मी त्यांना 6/6 आणि 6/60 समजावून सांगितले, तोवर त्यांनी फोन वहिनीकडे दिला होता.

आत्याने निराळा मार्ग काढला आहे. भाऊबीजेला यंदा ती गावी जाणार आहे. ओवाळणीत साडी नको, पैसे नकोत, दिवाळीनंतरच्या सोमवारी माझ्याबरोबर कऱ्हाडच्या दवाखान्यात चल, असे ती पाटावर बसलेल्या काकांना सांगणार आहे, आणि ते हो म्हणेपर्यंत निरांजन खाली ठेवणार नाही. ताट धरून किती वेळ उभी राहशील, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “तेल भरपूर घालीन.”